जास्तीचं रोप

मार्चमध्ये माझा नवरा राइमर गेला. मातीनंतर आम्ही सगळे आमच्या ओस्टरविश गावच्या खानावळीत कॉफी आणि लोण्याचा केक खायला बसलो. शेजारच्या उवे पाउलसेननं दुसरा पेला रिकामा केला आणि म्हणाला, "राइमर माणूस सोन्यासारखा. फक्त एकदा बी भिजवायला विसरला!" सगळे हसले. मीही हसले. छत्तीस वर्षं या एकाच विनोदावर हसत आले आहे, तोंडाला सवय झाली आहे. घरी आल्यावर मात्र असा संताप आला की कोट न काढताच मी टेबलाशी बसले.

राइमर बी भिजवायला कधीच विसरला नाही. तो स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरायचा, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचा, पण रोगाचा जंतू मरावा म्हणून कोबीचं बी पन्नास अंश गरम पाण्यात पंचवीस मिनिटं धरायचं म्हणजे धरायचं. वडिलांचा थर्मामीटर हातात घेऊन तो पातेल्यावर वाकून उभा राहायचा. त्या वेळी घराला आग लागली असती तरी त्यानं "थांबा जरा" म्हटलं असतं. तर खरं काय झालं ते आता सांगते. पण ते सांगायचं तर राइमरबद्दल बोलून भागणार नाही. टेल्झेबद्दल बोलायला हवं.

टेल्झे म्हणजे राइमरची थोरली बहीण, माझी नणंद. तिनं लग्न केलं नाही. आमच्याच अंगणातल्या छोट्या घरात ती राहायची आणि गावातल्या डिंकाच्या कारखान्यात कामाला जायची. ती जाऊन आता चौदा वर्षं झाली. "आम्ही दोघं असेपर्यंत गप्प राहा," असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आता दोघंही नाहीत.

तो कारखाना म्हणजे आधीची डेअरी. डेअरी बंद पडली, टेल्झे तिथे दूध तपासायची, ती बेकार झाली. मग शहरातून डॉक्टर ब्रूहन नावाचा एक उंच, वाकलेला माणूस आला आणि त्यानं डेअरीच्या टाक्यांत डिंक करायला घेतला. झाडाला येतो तो डिंक नव्हे. साखर कारखान्याची मळी आणायची, आंबट कोबीच्या कारखान्यात टाकून दिलेली बाहेरची पानं आणि दांडे उकळून त्यांचं पाणी गाळून घ्यायचं, ते सगळं टाकीत घालायचं आणि त्यात विरजण लावायचं. हवा सोडत, ढवळत तीन दिवस ठेवलं की ते पाणी घट्ट होत जातं. मग उकळून जंतू मारायचे आणि स्पिरिट ओतायचं. डिंक गोळा होऊन बाहेर येतो, तो वाळवून दळायचा. पांढरी पूड. सॅलडवरच्या सॉसमध्ये, आइस्क्रीममध्ये, डबाबंद सूपमध्ये ती चिमूटभर असते, आणि खाणाऱ्याला काही होत नाही.

कोबीला मात्र होतं. कारण ते विरजण म्हणजे काळ्या कुजीचा जंतू. कोबीच्या पानाच्या कडेला पिवळा त्रिकोण पडतो, त्यातल्या शिरा काळ्या पडतात, मग दांडा आतून काळा होतो आणि गड्डा सडतो. औषध नाही. पावसाच्या थेंबाबरोबर जंतू या पानावरून त्या पानावर उडतो आणि आठवड्यात सगळं रान खातो. जंतू पानात शिरला की स्वतःभोवती हाच चिकट डिंक करतो. ज्या गावात कोबीखेरीज काही पिकत नाही, त्या गावात कोबीचाच काळ पाळायचा आणि त्याला राबवून घ्यायचं, ही अक्कल फक्त शहरातल्या माणसाला सुचू शकते. कारण काय, तर टाकाऊ पानं इथे फुकट मिळतात!

टेल्झेच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षी या रोगापायी सगळं रान घालवलं होतं. टेल्झे तेव्हा बारा वर्षांची. वडील सुरी घेऊन ओळीतून चालले होते, गड्डा कापायचे, दांडा आडवा चिरायचे, काळं कडं बघायचे आणि गड्डा टाकून पुढे जायचे. ती मागून चालत होती. शेवटच्या ओळीपर्यंत एकही दांडा पांढरा निघाला नाही, आणि त्या हिवाळ्यात घरात खायला काय होतं ते ती कधी बोलली नाही. त्याच मुलीनं पुढे कारखान्यात विरजण सांभाळायचं काम घेतलं, तेव्हा म्हातारा आठवडाभर तिच्याबरोबर जेवायला बसला नाही. आठव्या दिवशी एवढंच म्हणाला, "ज्यानं आपल्याला खाल्लं त्याला तू आता भरवणार?" ती म्हणाली, "बाबा, ते फाटकाबाहेर येणार नाही. माझा शब्द."

हा शब्द ती भीतीनं पाळायची. मी तिला इतकी वर्षं पाहिलं. तिच्याएवढं घाबरून काम करणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. कारखान्यात अंगावरचं सगळं उतरवायची, आंघोळ करायची, केस धुवायची, दुसरे कपडे, दुसरे बूट. घरी येताना शेतातून जवळची वाट होती, पण ती बांधावरून मेंढ्यांच्या मधून अर्धा तास चालत, वळसा घालून यायची. मी चिडवायचे, "अगं टेल्झे, नवरा केला असतास तर तोही रोज उकळून घेतला असतास!" ती म्हणायची, "वीबके, तू हस. मी रोज त्याच्या तोंडात बोट घालून येते. ते बोट तुमच्या दारात आणायचं नाही, बस."

आणि कामात तिचा हात कुणाला यायचा नाही. टाकीत काचेची कांडी बुडवून वर उचलायची आणि तार बघायची, पाकाची बघतात तशी. तार हातभर लांब आली की माल उत्तम. वीतभरच आली की विरजण आळसावलं. ते विरजण वर्षभर काचेच्या नळीतून नळीत फिरवलं की सुस्त होतं. आयतं खाऊन डिंक करायचं विसरतं. डॉक्टर ब्रूहननं तिला एक जुना उपाय शिकवला होता. "टेल्झेबाई, वर्षातून एकदा त्याला माहेरी पाठवा." माहेर म्हणजे जिवंत कोबी. मे महिन्यात आमच्या वाफ्यातली रोपं न्यायची, सुईनं पानाच्या कडेला जंतू टोचायचा, काचेच्या पेटीखाली ठेवायचं. दहा दिवसांत पिवळा त्रिकोण पडला की त्यातून नवं विरजण काढायचं. मग तार पुन्हा हातभर! त्यानंतर रोप, माती, कुंडी, सगळं वाफेच्या भांड्यात घालून उकळायचं, म्हणजे काही जिवंत राहात नाही.

रोपं दोन लागत. ती तीन न्यायची, कारण वाटेत एखादं कोमेजलं तर. राइमर दरवर्षी स्वतः निवडून द्यायचा आणि म्हणायचा, "घे, तुझ्या राक्षसाचा नैवेद्य."

आता त्या सत्त्याऐंशी सालाबद्दल. त्या वर्षी तिसरं रोप कोमेजलं नाही. काचेच्या पेटीत दोन होती, हे खिडकीत वेगळं ठेवलेलं. चांगलं जोमदार, निळसर पानांचं, जाड बुंध्याचं. पेटीतली दोन तिनं उकळली. तिसऱ्याला हात लावायला गेली आणि तिचा हात थांबला. आमच्या सासूबाईंचा घरात एक नियम होता: जिवंत रोप टाकायचं नाही. लावणीच्या आठवड्यात यंत्र ओळीत जिथे जागा सोडतं तिथे आम्ही सगळे मागून हातात रोपं घेऊन नांगे भरत जातो. सासूबाई शेवटचं रोप लागेपर्यंत कुणाला जेवायला बसू द्यायच्या नाहीत. या गावातली पोरं चालायला लागण्याआधी हे शिकतात.

लावणीसाठी टेल्झे दरवर्षी सुट्टी घ्यायची. तेवढाच एक आठवडा ती शेतात पाय ठेवायची. त्या दिवशी शेवटच्या ओळीशी, चराकाठच्या वाळुंजाच्या झाडाखाली, तिनं डब्यातून ते रोप काढून रिकाम्या जागी लावलं, बोटांनी माती दाबली. मी बघितलं आणि ओरडले, "डब्यात सँडविच आणायचं सोडून रोप आणलंस? कारखान्यात जेवण मिळत नाही का?" ती लाजून हसली. "चांगलं आहे गं, टाकवेना." राइमरनं लांबून टोपी हलवली. तो दिवस फार चांगला होता, खरंच.

ऑगस्टमध्ये पाऊस थांबेना. उबदार, चिकट पाऊस. एका सोमवारी मी सूपसाठी चराकाठच्या झुडपातली काळी फळं तोडायला गेले. वाळुंजाखाली एक कोबी पिवळा दिसला. वाकून बघितलं. पानाच्या कडेला त्रिकोण, त्यात काळ्या शिरा. शेजारच्या चार गड्ड्यांवर तेच, त्यांच्या शेजारच्यांवर बारीक सुरुवात. आधी राइमरला सांगायला हवं होतं. पण टेल्झेला हा रोग डोळे मिटून ओळखता येतो, ती म्हणेल ऊन लागलंय किंवा खत कमी पडलंय, अशी वेडी आशा धरून मी तिच्या दारात गेले.

"वाळुंजापाशी?" तिनं विचारलं.

"हो. शेवटच्या ओळीत. तू जिथे..." तोपर्यंत मला ते रोप आठवलंच नव्हतं.

ती खुर्चीवर बसली नाही, खुर्चीच्या कडेवरून खाली जमिनीवर बसली. "ते पेटीत नव्हतं, वीबके," ती म्हणाली. "खिडकीत होतं. पेटीपासून चार पावलं लांब. मी शपथेवर सांगते." मग तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. "झारी," ती म्हणाली.

"काय झारी?"

"पाणी घालायची झारी एकच होती. तिन्ही रोपांना."

मी म्हटलं, "असं काय करतेस! बियाण्यातून आलं असेल. पावसातून आलं असेल. पाउलसेनकडून आलं असेल, त्याचं रान कधी स्वच्छ असतं?" ती म्हणाली की कुठून आलं ते कळू शकतं. कारखान्यानं आपल्या जंतूला एका औषधाची सवय लावून ठेवली होती, खूण म्हणून. ते औषध घातलेल्या काचेच्या थाळीत रानातला साधा जंतू उगवत नाही, मरतो. कारखान्याचा तेवढा उगवतो. पिवळे, चकचकीत थेंब येतात. त्याला तीन दिवस लागतात.

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही."

मंगळवारी तिनं त्या कोबीचं एक पान डब्यात सील करून नेलं. गेली पंधरा-अठरा वर्षं फाटकातून काही बाहेर येऊ नये म्हणून जपलेली बाई आता आमच्याच शेतातून ते आत घेऊन चालली होती. मी खिडकीतून बघत राहिले. बांधावरच्या वाटेवर ती दोनदा थांबली.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. राइमरला सांगायचं तर काय सांगायचं? रोग आहे, हे सांगितलं की दुसरा प्रश्न येणार, कुठून आला. बुधवारी जेवताना तो म्हणाला, "पाऊस छान आहे, गड्डे भरतील," आणि मी भांडी आवरायला उठले. तो वाळुंजाकडे निघाला की मी काहीतरी काम काढायचे. कोंबड्यांचं दार मोडलंय. पंप आवाज करतोय. "आज तुला झालंय काय?" तो म्हणाला, "नवीन नवरी असल्यासारखी घरात बांधून ठेवतेस!" मी हसले आणि स्वयंपाकघरात येऊन रडले. बाहेर थेंब पानांवर टपटप पडत होते. प्रत्येक थेंबाबरोबर ते पुढच्या ओळीत उडत असणार, हे डोक्यातून जात नव्हतं. टेल्झे कामावरून आली की आम्ही एकमेकींकडे बघायचो, ती नुसती मान हलवायची. अजून नाही. तिनं जेवण सोडलं होतं. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती.

गुरुवारी राइमरला ते दिसलंच. दिसायचं होतंच; तोवर तेरा ओळी गेल्या होत्या. तो घरात आला, बूट न काढता. कपाटातून वडिलांचा थर्मामीटर काढला, किटली चुलीवर ठेवली, पाण्याला उकळी फुटेपर्यंत उभा राहिला आणि थर्मामीटर आत बुडवला. पारा बरोबर शंभरावर गेला. त्यानं पाणी ओतून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा उकळलं. पुन्हा शंभर.

"थर्मामीटर बरोबर आहे," तो म्हणाला. "मग मीच चुकलो. तू त्या दिवशी जेवायला हाक मारलीस. मी लवकर काढलं असेल बी. पाच मिनिटं आधी काढलं असेल, वीबके."

"नाही काढलंस," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

मला माहीत होतं. तरी मी मूग गिळून बसले. एक कर्ता माणूस, पन्नाशी गाठत आलेला, तिसऱ्यांदा किटली भरत होता, आणि मी बघत होते. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही. पण खरं सांगते, त्या लाजेच्या खाली दुसरंही काही होतं. मला बरं वाटलं होतं. तो स्वतःलाच दोष देतोय ना, मग देऊ दे. त्याचा राग त्याच्याच अंगावर राहील, बहीणभाऊ तुटणार नाहीत, अंगणात दोन घरं एकमेकांकडे पाठ करून उभी राहणार नाहीत. थाळीत काहीही उगवू दे, सांगतंय कोण?

शुक्रवारी अकराच्या सुमारास फोन वाजला.

"उगवलं," टेल्झे म्हणाली.

"किती?"

"मोजता येणार नाहीत इतके. सगळी थाळी पिवळी आहे." तिचा श्वास ऐकू येत होता. "ब्रूहनसाहेबाला सांगितलं. तो म्हणतो, बाहेर बोलू नका."

मी दार ओढून घेतलं आणि फोनमध्ये कुजबुजले, "तो बरोबर सांगतोय. ऐक माझं. राइमरला वाटतंय बी नीट भिजलं नाही. तू गप्प राहा. थाळी उकळून टाक. झालं गेलं, रान तर जाणारच आहे, तू जीभ उचललीस म्हणून काही परत येणार आहे का? टेल्झे? ऐकतेस ना?"

फोनमधून मला टाकीच्या ढवळणीचा आवाज येत होता.

"त्यानं किती वेळा किटली उकळली?" तिनं विचारलं. आदल्या संध्याकाळी तिनं खिडकीतून त्याला किटली उकळताना बघितलं होतं.

"तीनदा."

तिनं फोन ठेवला.

जेवायच्या वेळेला ती दारात उभी. केस ओले, मानेवरून पाणी ठिबकत होतं; एवढ्या घाईतही आंघोळ चुकवली नव्हती. आणि बांधावरून नव्हे, शेतातल्या वाटेनं आली होती. आता वळसा घालून वाचवायचं काय राहिलं होतं? मी पिठाचा मोठा उकडलेला लाडू कापत होते, आमच्याकडे शुक्रवारी तोच असतो. ती बसली नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"राइमर, बी बरोबर होतं," ती म्हणाली. "रोग माझा आहे. मी आणला."

तिनं सगळं सांगितलं. खिडकी, झारी, डबा, वाळुंज, थाळी. मध्ये एकदाही रडली नाही. मी सुरी हातात धरून उभी होते. आता हा ओरडेल, आता टेबल उलथेल, बापाचं नाव काढेल. बापाचं नाव काढलं तर ती मरेल, हे मला कळत होतं.

राइमरनं चमचा खाली ठेवला. "कुठलं रोप?"

"तिसरं. जास्तीचं."

"मी निवडून दिलेलं?"

"हो."

"कसं होतं?"

तिला प्रश्न कळला नाही. "चांगलं होतं," ती म्हणाली. "फार चांगलं. एक डाग नव्हता."

"मग आणखी काय करणार होतीस?" तो म्हणाला. "चांगलं रोप टाकतं का कुणी?" आणि उठून बाहेर गेला. जेवला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. मला अजून ठरवता येत नाही की ते माफ करणं होतं की नुसतं खरं बोलणं.

त्या संध्याकाळी तो खानावळीत गेला. काळी कूज आली की शेजाऱ्यांना सांगावंच लागतं, म्हणजे ते आपापली रानं तपासतात, औजारं धुतात. तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या रानात काळी आली आहे. या वर्षी बी भिजवायला विसरलो." उवे पाउलसेन म्हणाला, "तू? विसरलास?" तो म्हणाला, "विसरलो. म्हातारा झालो."

मला दुसऱ्या दिवशी बेकरीत कळलं. मी तरातरा रानात गेले. तो नांगर जोडत होता. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गावभर शेण खाल्लंस स्वतःच्या तोंडानं!"

"मला काय होतंय," तो म्हणाला. "विसराळू म्हणतील. हसतील. तिला काय म्हणतील ते ऐकायचंय तुला? बाबांच्या पोरीनं काळी घरात आणली म्हणतील. ती या गावात कुठल्या दारात उभी राहणार मग?" मग नांगराच्या कडीशी झटापट करत म्हणाला, "आणि तू तिला सांग, उवेकडे जाऊन माझं वाक्य खोटं पाडायचं नाही. एकदा बोललोय."

ती जायला निघाली होतीच. मी तिला दारात अडवलं. तिच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी तिनं त्याचा शब्द ठेवला, आणि मलाही गप्प राहायला लावलं.

राइमरनं सगळं रान नांगरून टाकलं. पाउलसेनच्या रानात रोग पोचला नाही, नाहीतर ही गोष्ट वेगळी झाली असती. आमच्या त्या रानात तीन वर्षं कोबी लावायचा नाही असं ठरलं. पलीकडचा तुकडा होता, त्यावर निभावलं. कारखान्याच्या साहेबानं खोलीला कुलूप लावलं, दोन झाऱ्या आणल्या, पण टेल्झेला काढलं नाही. तिच्याशिवाय तार कुणाला येत नव्हती. ती पुन्हा बांधावरून यायला लागली, आंघोळ एकदाच्या जागी दोनदा. आमच्या अंगणात बसायची बंद झाली. मी कधी सूप घेऊन गेले तर दार अर्धं उघडून वाटी घ्यायची. लोक राइमरची चेष्टा करायचे, "काय रे, आज पँट घालायला विसरला नाहीस ना?" आणि ती रस्त्याच्या पलीकडे खाली मान घालून चालायची. तिला बघून मला भीती वाटायची. वाळुंजाच्या फांद्या दिसल्या तरी मला नको ते विचार यायचे.

मे आला. विरजणाला माहेरी पाठवायची वेळ झाली. ती रोपं मागायला आली नाही. तेव्हा राइमर स्वतःच वाफ्यातून तीन रोपं निवडून, ओल्या कागदात गुंडाळून तिच्या दारात गेला. मी मागे होते.

"घे," तो म्हणाला. "राक्षसाचा नैवेद्य."

तिनं कागद उघडला. दोन रोपं उचलली. तिसरं त्याच्या हातात परत ठेवलं. "जास्तीचं नको," ती म्हणाली.

"आणि एखादं मेलं तर?"

"मेलं तर मेलं. पुन्हा मागायला येईन. जास्तीचं कधी नको, राइमर."

तिनं दार लावलं. तो एक रोप हातात धरून अंगणात उभा राहिला. चांगलं रोप होतं. त्यानं खिशातला चाकू काढला, तिच्याच खिडकीखाली माती उकरली आणि ते तिथे लावलं.

त्या उन्हाळ्यात टेल्झेनं ती खिडकी उघडली नाही, पडदाही नाही. घाम येईल एवढी उष्णता होती तरी नाही. पण मी अंगणातून बघायचे: पडद्याची कड जरा बाजूला सरकलेली असायची, रोज सकाळी, पानं बघायला. पाऊस पडला की तासभर तशीच सरकलेली.

ऑक्टोबरमध्ये राइमर सुरी घेऊन तिच्या खिडकीशी गेला. गड्डा डोक्याएवढा झाला होता. त्यानं काचेवर टकटक केली. पडदा हलला नाही. त्यानं पुन्हा केली. शेवटी ती दारातून बाहेर आली, हात पाठीमागे धरून, भिंतीला चिकटून उभी राहिली. तो वाकला, गड्डा कापला आणि वडील करायचे तसा दांडा आडवा चिरला. तिनं डोळे मिटून घेतले.

"टेल्झे," तो म्हणाला, "बघ."

"तूच सांग."

"मी सांगणार नाही. तू बघ."

तिनं डोळे उघडले. मग पाठीमागचा हात पुढे आणला, सालं निघालेलं बोट त्या चिरेवर ठेवलं आणि फिरवलं, कडेनं गोल, एकदा, दोनदा.

"पांढरा आहे," ती म्हणाली. आणि गेल्या वर्षी त्या शुक्रवारी आमच्या टेबलाशी जी रडली नव्हती, ती तिथे भिंतीशी बसून रडली.